शोकसभेआधीचे दोन शब्द

१९३९च्या एप्रिलची अखेर. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर एक साधा सरपटी फटका लू गेरिगकडे आला. पहिल्या बेसवरच्या या दादा बेसबॉल खेळाडूने तो अडवला, धावत आलेल्या पिचरकडे चेंडू टाकला आणि फलंदाज बाद झाला. शाळकरी पोरालाही जमावं असं काम. पण सहकारी भोवती जमले आणि पाठ थोपटू लागले. गेरिगच्या काळजात चर्र झालं. एवढ्याशा गोष्टीचं कौतुक होतंय, म्हणजे आपलं शरीर साथ सोडतंय हे सगळ्यांना दिसलेलं आहे!

२ मे रोजी डेट्रॉइटमध्ये तो स्वतःच व्यवस्थापक जो मॅकार्थींकडे गेला आणि आज मला खेळवू नका म्हणाला. १९२५पासून सलग २,१३० सामन्यांची मालिका तिथे थांबली. जूनमध्ये मेयो क्लिनिकने निदान केलं, एएलएस. हालचाली चालवणाऱ्या चेतापेशी या आजारात मरत जातात आणि स्नायू लुळे पडतात. अमेरिकेत आज हा आजार गेरिगच्याच नावाने ओळखला जातो.

४ जुलैला, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर त्याला निरोप देण्यात आला. बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण मॅकार्थींनी त्याला पुढे केलं. त्या छोट्या भाषणात आजार ओझरता येऊन गेला. बाकी सगळी माणसांची मोजदाद होती. संघाचे मालक, दोन व्यवस्थापक, प्रतिस्पर्धी जायंट्स संघ, इतकंच काय, मैदानाची निगा राखणारे कामगारसुद्धा त्यात होते. भेटवस्तूंमध्येही त्या कामगारांची आणि सफाई कर्मचाऱ्यांची भेट होती. खेळणं थांबलं तरी मोसम संपेपर्यंत गेरिग कर्णधार म्हणून संघाबरोबर बाकावर बसत राहिला. १९४१च्या जूनमध्ये तो गेला, वयाच्या ३७व्या वर्षी.

पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करताना मला त्या निरोपापेक्षा आधीची ती पाठीवरची थाप जास्त आठवते.

आपल्याकडे निवृत्तीला शाल-श्रीफळ असतं आणि मृत्यूनंतर शोकसभा. ज्याला आपण परत कामावर येणार नाही हे कळून चुकलं आहे, त्याच्यासाठी मात्र काहीच रीत नाही. सहकारी नारळपाणी आणि सफरचंदं घेऊन येतात, पलंगाशी अवघडून उभे राहतात आणि म्हणतात, “ऑफिसची अजिबात काळजी करू नका, आम्ही आहोत ना!” बोलणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की आपल्यावाचून काही अडत नाही. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ अशी कल्पना मांडली. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. हातातलं काम सुटणं हे त्यातलं सामाजिक दुखणं. मॉर्फिनने ते शमत नाही.

रँडी पॉश यांनी त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला होता, बरे दिवस तीन ते सहा महिनेच उरलेत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. १८ सप्टेंबर २००७ रोजी ते सहकाऱ्यांसमोर आणि विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले. ज्या व्याख्यानमालेत ते बोलले, तिचं ‘अखेरचं व्याख्यान’ हे नाव नुकतंच बदललं गेलं होतं. नेमकं माझ्याच वेळी बदललंत, अशी गंमतही त्यांनी केली. मंचावर जोर मारून दाखवले, बायकोसाठी वाढदिवसाचा केक आणवला. हे सगळं लोकांच्या लक्षात राहिलं. माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जातं. मुलांना खेळताखेळता प्रोग्रॅमिंग शिकवणारी त्यांची ‘ॲलिस’ ही प्रणाली पुढे कोण सांभाळेल, आभासी विश्वं घडवायचा अभ्यासक्रम कोणाच्या हाती गेला, हे त्यांनी नावानिशी सांगितलं. भर सभेत त्यांनी चार्ज सोपवला! पॉश २५ जुलै २००८ रोजी गेले.

ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांचं २४ ऑगस्ट २०११चं राजीनामापत्र जेमतेम पानभराचं. त्यातही हेच दिसतं. जागेवर कोण यावं ते टिम कुक यांचं नाव घेऊन सांगितलं आणि सहकाऱ्यांचे आभार मानले. सहा आठवड्यांनी जॉब्स गेले.

प्रत्येकाला असं उघड बोलता येत नाही. इरफान खान यांनी मार्च २०१८मध्ये आजार जाहीर केला, मधल्या काळात ‘अंग्रेजी मीडियम’चं चित्रीकरणही पूर्ण केलं. प्रसिद्धीच्या वेळी मात्र अंगात त्राण नव्हतं. फेब्रुवारी २०२०मध्ये नुसता आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांनी पाठवला. २९ एप्रिलला ते गेले. गोव्यात मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असताना विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला त्यांचं निधन झालं. कुणाला त्यात जिद्द दिसली, कुणी टीका केली. माझं मत विचाराल तर किती काम करायचं हे रुग्णाने ठरवावं, पण ते पुढे कोणाकडे जाणार हेही त्याच्याच तोंडून वेळेत यावं.

आपल्या कचेरीत हे कसं करायचं? भेटायला जाण्याआधी फोन करा, रुग्णाला कोणत्या वेळी जरा हुशारी वाटते ते विचारा. दहा मिनिटं बसा, कारण थकवा हा या आजारांतला सर्वांत हट्टी पाहुणा आहे. “होईल सगळं ठीक” हे वाक्य दाराबाहेर ठेवा. शोकसभेत सांगणार असाल तो एखादा प्रसंग त्याच्या समोरच सांगा. टेबलाचा खण परस्पर रिकामा करू नका. आणि कागदपत्रं बघा. ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर कर्करोगासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, अटी पूर्ण होत असतील तर, दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के लाभ मिळू शकतो. भविष्यनिर्वाह निधीवर वारस कोण लावला आहे? लग्नाआधी लावलेलं आईचं नाव अजून तसंच आहे का? हे अर्ज त्याच्या शेजारी बसून भरणारा सहकारी फुलांच्या गुच्छापेक्षा मोलाचा.

या दिवाळीत तुमच्या कचेरीतली अशी एखादी खुर्ची रिकामी असेल तर मिठाईच्या डब्याबरोबर दोनच प्रश्न घेऊन जा: “कोणतं काम तुमच्याकडेच ठेवू? आणि कोणतं कोणाच्या हातात देऊ?” उत्तर येईपर्यंत गप्प बसा.