फोटो काढताना भाजी कोण ढवळत होतं?



देवळी तालुक्यातल्या आमच्या विहारात यंदाच्या १४ एप्रिलचा ग्रुप फोटो मोठा करून लावायचा ठरला. फोटोत मंचावरचे एकोणीस जण : अध्यक्ष, सचिव, पाहुणे आणि पांढऱ्या सदऱ्यांतले आम्ही कार्यकर्ते. पहाटे चारला उठून चारशे माणसांचं भोजनदान रांधणारी एकही बाई त्यात नाही. खिळा ठोकताना एक आजी म्हणाली, "आमी कोन्या फोटूत हाओ, भाऊ?" सगळे हसले. आम्हीही हसलो.

रात्री मात्र आम्हाला एक चित्र आठवलं. अभ्यासवर्गात पेशवाई शिकवताना आम्ही ते नेहमी दाखवतो. थॉमस डॅनियलचं १८०५ चं हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. प्रसंग १७९० चा. टिपूविरुद्धच्या तहासाठी पुण्याचा दरबार भरला आहे. रेसिडेंट चार्ल्स मॅलेट, किशोरवयीन सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि भोवती पगड्यांची दाटी. मूळ रेखाटनं जेम्स वेल्सची. तो १७९५ मध्ये वारला, पुढे मॅलेटने त्याच्याच मुलीशी लग्न केलं. म्हणजे मामला घरचाच! त्याच पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहिलं. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, पण दरबाऱ्यांचे चेहरे टिकले. मडकेवाल्यांचा चेहरा रंगवायला कोणता चित्रकार बसला होता?

हे फक्त पुण्यातच झालं असंही नाही. ज्युलियस स्ट्युअर्ट या अमेरिकी चित्रकाराने १८९० मध्ये 'नमूना' नावाच्या यॉटवर आरामात बसलेली श्रीमंत मित्रमंडळी रंगवली. त्याच्या बापाची दौलत क्युबातल्या उसाच्या मळ्यांची, आणि क्युबात गुलामगिरी संपली ती १८८६ मध्ये. ज्या जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली, त्यांच्या वारसांनी तरी यॉटच्या डेकवर ऊस शोधावा.

हे सगळं आम्ही पोरांना तावातावाने सांगतो. मग आमचा फोटो?

बैठकीत एक जण चिडून म्हणाला, "म्हणजे आपण पेशवे का?" नाही. ही तुलना अन्यायाची आहे, मान्य. आमच्या मंचावर बायांना कुणी मज्जाव केला नव्हता. पण फोटोग्राफरला बोलावलं दुपारी साडेबाराला, आणि त्या वेळी त्या भाजी ढवळत होत्या. वेळ आम्हीच ठरवली होती. समाजशास्त्राच्या वर्गात 'वगळणूक' हा शब्द आम्ही पाठ केला होता. ती अशी घड्याळातून होते, हे तेव्हा कुणी शिकवलं नाही. दुसरा म्हणाला, फोटो ही नेतृत्वाची नोंद असते. दरबाराचीही तीच नोंद होती की! आणि महिला मंडळाचा वेगळा फोटो काढू, ही तिसऱ्याची सूचना तर आम्हाला सर्वांत जास्त खटकली. वेगळा पाणवठा आपल्याला चालला नव्हता, मग वेगळी फ्रेम का चालावी?

वाद तीन बैठका चालला. दोघांनी येणं बंद केलं आहे. एकोणीस जणांचा फोटो अजून कपाटात आहे, खिळा तसाच. बुद्धपौर्णिमेला भोजनदान आटोपल्यावर, भांडी घासून झाल्यावर फोटो काढायचा, असं आजीनेच सांगितलं. भांडी कोण घासणार, हेही तिने तिथेच विचारलं. यादीत पहिलं नाव अध्यक्षांचं आहे, दुसरं आमचं.