आठ आणे

बँकेत संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपये कमी आले, की ते सापडेपर्यंत आम्ही घरी जात नाही. हा अनुभव ध्यानात घेऊन रानात दगड शोधायला माझी निवड झाली, असे आमचा खोत सांगतो. खरे म्हणजे चौघांत मोटार फक्त माझ्याकडे आहे.

'खोत' हे टोपणनाव. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. टोपणनावांना तो कायदा लागू नाही. संगमेश्वर तालुक्यात ह्या खोताची एकूण जमीन १४ गुंठे, आणि तीतल्या पाच काजूंवरून चुलतभावाशी ११ वर्षे अबोला. झाडे खोताच्या वडिलांनी घातलेल्या गडग्याच्या आत आहेत. चुलतभावाचे म्हणणे, गडगाच सरकलाय. शेवटी खोताने मोजणीची फी भरली. मोजणीदार येऊन गेले. हल्ली साखळी नाही. रोव्हर नावाचे यंत्र थेट उपग्रहांशी बोलते. ते उभे करून साहेबांनी विचारले, "जुना हद्दीचा दगड कुठाय?" म्हणजे उपग्रह झाला तरी कोकणात आल्यावर पत्ता विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

वाटेत मास्तरांनी आमचे अज्ञान दूर केले. (ते निवृत्त झाले आहेत, पण तास घेणे चालू आहे.) मुंबई इलाख्यातली ही मोजणीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या साहेबांनी १८३५ मध्ये इंदापुरात सुरू केली. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा एक सर्व्हे नंबर. साखळी ३३ फुटांची, म्हणून गुंठा ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. आणि साखळीचे भाग सोळा, त्यांचे नाव आणे! आमच्या कॅशमधून आणा १९५७ नंतर हळूहळू गेला. तो इथे रानात येऊन राहिला होता, हे मला ठाऊक नव्हते.

दगड कुठे, हे काकूंनाच ठाऊक होते. काकू म्हणजे चुलतभावाची आई. अबोला पुरुषांपुरता आहे. काकू दोन्ही घरी चहा घेतात. त्या म्हणाल्या, "किंजळीच्या बुडाशी बघा. लग्नाच्या वर्षी मामंजींनी दाखवला होता मला."

किंजळी निघाल्या नऊ. करवंदीच्या जाळ्यांनी माझ्या शर्टाची बाही आणि कंपाउंडरची विनोदबुद्धी दोन्ही फाडली. दुपारी दोनपर्यंत आम्ही बारा दगड शोधले. त्यांतले अकरा नुसतेच दगड होते आणि एकावर कुणीतरी शेंदूर फासला होता. नवव्या किंजळीशी मात्र कोयता खणकला. मुळांनी कवटाळलेला, घडीव, काळा दगड. बाकी सगळा जांभा असलेल्या त्या रानात तो पाहुणा ओळखू आला.

आम्ही ओरडलो. मग खोताने मागे वळून गडग्याकडे पाहिले, आणि आमचे ओरडणे थांबले. दगड गडग्याच्या आत होता. मास्तरांनी पावले टाकली. "साडेसोळा फूट. आठ आणे."

पाचही काजू दगडाच्या पलीकडे.

"चार पाचोळा ढकलला की झालं," कंपाउंडर हळूच म्हणाला. मास्तर गरजले, "१८६० च्या दंड संहितेत हद्दीची सरकारी खूण हलवायला एक वर्षापर्यंत कैद होती! कलम ४३४!" कंपाउंडर म्हणाला, पाचोळा हलवायला किती ते सांगा.

खोत काहीच बोलला नाही. वडिलांनी तो गडगा स्वतः दगड वाहून रचला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. त्याने कोयता पुसला आणि उतरून सरळ चुलतभावाच्या खळ्यात गेला. मागोमाग आम्ही.

चुलतभाऊ सुपाऱ्या सोलत होता.

"दगड मिळाला," खोत म्हणाला. "काजू तुझे."

चुलतभावाने हातातली सुपारी पुरी सोलली. मग विचारले, "मोजणीची फी किती भरलीस?"

खोताने आकडा सांगितला.

"निम्मी माझी," चुलतभाऊ म्हणाला, आणि आत बघून ओरडला, "आये, पाच कप टाक! नाय, सहा!"