साकित कपाला

यान खोंडा या डच पंडिताचा ‘संस्कृत इन इंडोनेशिया’ हा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला, तोही चक्क नागपुरात! डॉ. रघुवीर यांच्या संस्थेनं काढला. मलय, जावानीज भाषांत मुरलेल्या संस्कृत शब्दांचा तो अभ्यास.

मी त्याकडं वळलो जकार्ताच्या सहकाऱ्यामुळं. त्यानं रजेचं कारण लिहिलं, ‘साकित कपाला’. म्हणजे डोकं दुखतंय. संस्कृतात कपाल म्हणजे कवटी. आपल्याकडं ते कपाळ झालं, तिकडं अख्खं डोकं. त्यांचा ‘कारना’ आपल्या ‘कारण’सारखाच वाक्यं जोडतो. हिंदीत तिथं ‘क्योंकि’ लागतं. यावरून मराठी जावाला पोचली, असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. शब्द संस्कृतातले.

मुदखेडची आमची आजी ‘कपाळ दुखायलंय’ म्हणते. पुण्यात त्या ‘दुखायलंय’ला हसतात. तिला ‘कपाला’ ऐकवलं, तर म्हणाली, “बरोबरच बोलायलेत की ते.”