प्रुफावरचं ओके

फर्मा छपाईला सोडण्याआधी शेवटच्या प्रुफाच्या पहिल्या पानावर मी ‘ओके’ लिहिते; खाली सही आणि तारीख. तो शेरा पडला की सोळा पानांची जबाबदारी माझी. नंतर सापडलेली चूक छापखान्याच्या माथी मारता येत नाही.

शुद्धतेची ग्वाही देणारा हा शब्द अशुद्धलेखनातून जन्मला, याचं मला फार अप्रूप आहे. १८३० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत संक्षेपांचं खूळ माजलं होतं, तेही मुद्दाम बिघडवलेल्या स्पेलिंगांचं. ‘ऑल राइट’चं त्यांनी ‘ओ. डब्ल्यू.’ केलं आणि ‘ऑल करेक्ट’चं ‘ओ. के.’. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये हे ओके छापलेलं आहे. बाकीचे बहुतेक संक्षेप विरले. ओकेला पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीने हात दिला. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहुक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहुक’. त्यांच्या समर्थकांनी ओ. के. क्लब काढले. ब्यूरेन हरले, शब्द टिकला.

पुढे लोक हे सगळं विसरले. शब्द चोक्टॉ या मूळ अमेरिकी भाषेतला आहे असं मानून अध्यक्ष वुड्रो विल्सन तो ‘ओकेह’ असा लिहीत. अखेर भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात पुरावे मांडले. जुन्या छपाईतली बारीक अक्षरं इतक्या चिकाटीने वाचणारा माणूस मला आमच्यातलाच वाटतो.

बोलताना आपण ओके कशालाही म्हणतो: होकाराला, ‘समजलं’ला, फोन ठेवायला. प्रुफावर मात्र त्याला एकच अर्थ. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ यांत फरक फक्त रफाराचा. संगणकाला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. सत्कार गुरुजींचा आहे की स्वयंपाक्याचा, हे मजकूर समजून वाचणाऱ्यालाच कळतं. शीर्षकं मी वेगळी वाचते, कारण मोठ्या टायपातली चूक डोळा सहज ओलांडून जातो. दुरुस्ती लागल्यावर तेवढीच ओळ तपासून भागत नाही. एक शब्द वाढला की ओळी सरकतात आणि पानाच्या तळाची ओळ कधी कधी गायबच होते. म्हणून परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून, मग पुढच्या पानाचा जोड. एवढं झाल्याशिवाय ओके पडत नाही, प्रकाशकाचा माणूस दारात उभा असला तरी.