विजेच्या गाडीलाही तहान लागते

एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी 31 वर्षे गेली. आमच्या काळी उन्हाळा म्हटला की रेडिएटरचे पाणी आलेच. चढावर गाडी तापली की ड्रायव्हर ती बाजूला घेई आणि कंडक्टर जवळच्या हापशावरून डबा भरून आणी. तापल्या रेडिएटरचे झाकण घाईने उघडून हात भाजलेले सहकारी मी डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने कर्ज काढून विजेवर चालणारी टॅक्सी घेतली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की ही गाडी थंड कशाने होते?

तो हसून म्हणाला, "मामा, हिला इंजिनच नाही. ऑइल नाही, पाणी नाही. बघायचं काही नाहीच."

आमच्या नागपुरात 2017 च्या मे महिन्यात विजेच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला होता. तेव्हापासून हीच समजूत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ती अर्धीच खरी आहे. या गाडीत इंजिन ऑइल नसते हे बरोबर. पण बॅटरी, मोटर, मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर आणि चार्जर हे सारे काम करताना तापतात. पुष्कळ गाड्यांत त्यांच्याभोवती कूलंट फिरते आणि ती उष्णता रेडिएटरकडे नेते. कूलंट कमी झाले तर गाडी स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करते, चार्जिंग हळू घेते. बॅटरी वारंवार तापली तर तिचे आयुष्यही घटते. ज्याचा महिन्याचा हप्ता त्या गाडीच्या चाकावर फिरतो, त्याला हे माहीत असलेच पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी बॉनेट उघडून गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे कूलंटची टाकी शोधली. टाकी प्लास्टिकची, अर्धपारदर्शक. त्यावर 'मिन' आणि 'मॅक्स' अशा दोन खुणा. कूलंट 'मिन'च्या खाली गेलेले होते. स्टँडवरचा एक मित्र पाण्याची बाटली घेऊन धावला. मी त्याचा हात धरला.

वाचकहो, जुन्या बसला हापशाचे पाणी चालून गेले, या गाडीला ते चालत नाही. बोअरच्या आणि नळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यांचा थर साचतो, धातू गंजतो आणि असे पाणी वीजही वाहून नेते. म्हणून कूलंटमध्ये क्षार काढलेले पाणी वापरतात, आणि काही गाड्यांना तर वीज फारच कमी वाहून नेणारे खास कूलंट लागते. रंग सारखा दिसला म्हणून दुसरे कूलंट ओतू नये. पुस्तिकेत लिहिले असेल तेच घ्यावे.

याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. 2011 मध्ये शेव्हरोले व्होल्ट गाडीची धडक-चाचणी झाली. बॅटरीला मार बसून कूलंट गळाले आणि सुमारे तीन आठवड्यांनी उभ्या गाडीने पेट घेतला. त्यानंतर 2012 च्या जानेवारीत कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत करण्याचे, टाकीत कूलंटची पातळी सांगणारा सेन्सर बसवण्याचे आणि कोणी जास्त भरू नये म्हणून झाकणावर अडसर घालण्याचे ठरवले. म्हणजे कमीही नको आणि 'मॅक्स'च्या वरही नको.

भाच्याची गाडी आम्ही सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी योग्य कूलंट भरले. मी भाच्याला एक वही दिली आणि दर रविवारी तारीख व पातळी लिहायला लावली. तिसऱ्याच आठवड्यात पातळी पुन्हा उतरलेली दिसली. कूलंट असे आटत नाही. ते इतक्या लवकर कमी झाले, तर बहुधा कुठेतरी गळती असते. वही दाखवताच मेकॅनिकने तपासले, तर एका नळीची क्लिप सैल होती. काम वॉरंटीत झाले. आपण नळाचे पाणी ओतले असते, तर त्याच वॉरंटीवर वाद उभा राहिला असता.

घरात अशी गाडी असेल तर एवढे करा. गाडी रात्रभर थंड झालेली, सपाट जागेवर, बंद आणि चार्जिंगवरून काढलेली असावी. झाकण न उघडता बाहेरूनच पातळी पाहावी. काही गाड्यांत दोन टाक्या असतात, दोन्ही पाहाव्यात. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नये. त्यांत मोठ्या दाबाची वीज असते. गाडीखाली ओल दिसली किंवा पडद्यावर इशारा आला, तर गाडी थांबवून जाणकाराला बोलवावे.

आणि माताभगिनींना एक विनंती. पुष्कळशा कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. उरलेली बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि अंगणात सांडले तर कुत्र्या-मांजरांनी चाटण्याआधी लगेच पुसून काढा.