सव्वीस जिल्ह्यांचा नकाशा

सरळ राहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. खिळ्याला टांगला की पाच-सात मिनिटं मुकाट लोंबायचा. मग खालची दांडी एका कोपऱ्यातून हळूच वर सरकायची आणि कोल्हापूर, सावंतवाडी गुंडाळीत गडप व्हायची. म्हणून इतिहासाच्या तासाला दोन पोरं दांडी धरायला खाली बसवलेली असत. ही जागा मिळवायला भांडणं होत, कारण दांडी धरणाऱ्याला सर प्रश्न विचारत नसत.

पाठीला जाड कापड, वर-खाली काळ्या लाकडी दांड्या आणि उलगडताना असा खरखराट की शेजारच्या वर्गालाही इतिहासाचा तास सुरू झाल्याचं कळावं. ठाणे-कुलाब्याचा किनारा वाळवीनं कुरतडलेला. तिथं सरांच्या घरून शिवून आलेलं हिरव्या लुगड्याचं ठिगळ होतं, आणि काठाची जर अरबी समुद्रातून गेलेली. चंद्रपूरला तो ‘चांदा’ म्हणायचा, रायगडला ‘कुलाबा’. जिल्हे मोजले तर २६. म्हणजे महाराष्ट्र जन्माला आला तेव्हा होते तेवढेच.

भूगोलाच्या मॅडमना तो मुळीच चालत नसे. त्यांनी दोनदा नवा मागवून घेतला. नवा गुळगुळीत, रंग ताजे, आणि शहाण्या मुलासारखा सरळ टांगून राहणारा. सरांनी त्याला हात लावला नाही. चुकलेला नकाशा भूगोलाला नको असतो, पण इतिहासाला तोच हवा असतो, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आलं. नवा नकाशा फक्त आजचं सांगतो. याच्या अंगावर मात्र एकामागून एक झालेले बदल दिसत, कारण सर जुनं न खोडता वरून लाल शाईनं रेघ ओढत. १ मे १९८१ला जालना आणि सिंधुदुर्ग. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये लातूर, आणि त्याच महिन्यात गडचिरोली.

गडचिरोलीची रेघ सगळ्यात लांब, कारण चांदा जिल्हा होताच अफाट. ती घरीसुद्धा गाजली. सरांचं सासर वडसा. काकू म्हणाल्या, “माहं माहेर उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेलं का हो?” सरांनी वडशावर शिसपेन्सिलीनं बारीक फुली मारली. सरकारचं ते शाईनं आणि घरचं पेन्सिलीनं, हा नियम तिथून सुरू झाला.

आमचं गाव सौंदड मात्र त्यावर छापलेलंच नव्हतं. साकोली होती, गोंदिया होतं, आणि मधून गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी छोट्या गाडीची बारीक काळी रेघ. त्या रेघेवर कुठंतरी आपण आहोत, असं म्हणून सर बोट ठेवत. वर्षानुवर्षं तिथंच बोट टेकल्यानं रंग उडाला आणि खालचं कापड उघडं पडलं. नव्वदच्या दशकात लाईन मोठी झाली. सरांनी ती रेघ गोंदियापासून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीडपर्यंत जाड केली आणि वर्गाला म्हणाले, “बघा, गाव होतं तिथंच आहे. रूळच रुंद झाले.”

त्यांचा आवडता धडा पुस्तकात नव्हता. एखाद्या पोराला उभं करायचे. “तुझा आजा कोण्या राज्यात जन्मला, बाबू?” पोरगं बिनधास्त महाराष्ट्र म्हणायचं. मग नकाशाच्या उजव्या टोकावर बोट जायचं आणि हिशेब लागायचा. आजा सी.पी. अँड बेरारमधला. मोठा काका बावन्न सालचा, म्हणजे मध्य प्रदेशातला, कारण १९५०पासून प्रांताचं नाव तेच होतं आणि राजधानी होती नागपूर. आत्या अठ्ठावन्न सालची, म्हणजे द्विभाषिक मुंबई राज्यातली. आणि तू महाराष्ट्रातला. एकाच घरात चार राज्यं, आणि कोणी ओसरी सोडून हललेलं नाही!

त्याच ओघात ते हमखास १९५४वर येत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले ते याच साली. मतदारसंघ दोन जागांचा होता. दुसऱ्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. तेव्हाचा भंडारा मध्य प्रदेशातला. एवढं सांगून सर थांबत. ज्यांच्या घरच्यांनी त्या वेळी मत दिलं होतं अशी पोरं वर्गात असायची. त्यांना घरी विचारून यायला सांगत, आणि दुसऱ्या दिवशीचा तास मग पोरंच घेत. राज्यघटनेचं एक पान या जिल्ह्याच्या मतपेटीला किती जवळ येऊन गेलं, हे मला त्या तासांतच कळलं. पुढं कॉलेजात मला याहून चांगलं शिकवलं गेलं असं म्हणवत नाही.

रोवणीच्या दिवसांत अर्धा वर्ग बांधीत असायचा. हजेरी घेताना सर गैरहजरांची नावं न रागावता वाचत, कारण त्यांची स्वतःची दीड एकर बांधीही तेव्हाच रोवायची असे. अशा दिवशी नवा धडा नाही. नकाशा खाली अंथरायचा, आणि उरलेल्या पोरांनी भोवती बसून गावं शोधायची. पण नकाशाला पावसाळा सोसत नसे. कापड ओलसर होऊन वास धरायचं. म्हणून पावसाची झड लागली की सर त्याला सायकलच्या दांडीला बांधून घरी नेत. तिथं तो धानाच्या कोठीवर आडवा पडायचा, आणि सरांची तिन्ही लेकरं त्याच्याखाली लपाछपी खेळायची.

थोरलीला दुर्गचं स्थळ आलं तेव्हा काकूंनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. दुसऱ्या राज्यात लेक द्यायची? सरांनी नकाशा उलगडला. दुर्ग त्यात मावतच नव्हतं. देवरीच्या पुढं महाराष्ट्र संपत होता आणि पांढरा समास लागत होता. “तुझ्या बाच्या वेळी भंडारा आणि दुर्ग एकाच प्रांतात होतं,” ते म्हणाले. “परराज्य हे कालचं. माणसं जुनी आहेत.” लग्न झालं. समासात, नकाशाच्या चौकटीबाहेर, पेन्सिलीची दुसरी फुली आली. धाकटीची ब्रह्मपुरीला. मुलाची नागपूरला. इतिहासाच्या मास्तरानं लेकीचं लग्न प्रांतरचनेच्या आधारानं जुळवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

बाकीच्या रेघा येत गेल्या. मुंबई उपनगराला १९९०मध्ये जागाच नव्हती, तिथं नुसता ठिपका. १ जुलै १९९८ला वाशीम आणि नंदुरबार. आणि १ मे १९९९ला हिंगोली, गोंदिया.

ती गोंदियाची रेघ ओढायची म्हणून सरांनी झेंडावंदन झाल्यावर नकाशा टेबलावर पसरला. साकोली भंडाऱ्यात राहणार, शेजारचं सौंदड गोंदियात जाणार. म्हणजे रेघ नेमकी त्या झिजलेल्या जागेजवळून. उघड्या कापडाला पेन लागलं आणि शाई फुटली. सौंदडभोवती लाल डाग पसरला. शिपाईमामा म्हणाले, पुसून घ्या, लिंबू लावा. सरांनी राहू दिलं. जिल्हा कुठून सुरू होतो ते डागामुळं काही सांगता येत नसे, आणि पुढच्या बॅचची पोरं त्यावरून हसत. सरही हसत.

सर निवृत्त झाले त्याच सुमारास जडवस्तूंच्या निर्लेखनाची यादी निघाली. तुटलेली बाकं, गंजलेली घंटा, आणि ‘नकाशा, फाटका, नग १’. सरांनी रद्दीच्या भावानं पैसे भरले, पावती घेतली आणि ती नकाशाच्या पाठीला डकवली. शाळेची वस्तू घरी आहे असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी. तसे ते अशा बाबतीत फारच काटेकोर. शाळेचा उरलेला खडूसुद्धा खिशातून घरी आला तर परत नेऊन ठेवत.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर झालं. तोवर हाताला कंप सुटला होता. एका नातवानं वरची दांडी धरली, दुसऱ्यानं खालची, आणि ठाण्यातून निघालेल्या त्या दहाव्या नव्या जिल्ह्याची रेघ पार वाकडी गेली. २६ आणि १० मिळून ३६. सरांनी तिथल्या तिथं बेरीज करून कोपऱ्यात लिहिली.

२०२३मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं बदलली, पण त्याआधीच सर गेले होते. नकाशावर जुनीच नावं आहेत. घरात यावरून दोन तट आहेत. मुलगा म्हणतो, बाबांचं अक्षर आहे, हात लावू नका. धाकटी म्हणते, बाबा असते तर त्याच संध्याकाळी लाल पेन काढलं असतं. माझं मत धाकटीच्या बाजूनं आहे.

कोणत्या ना कोणत्या शाळेत यंदाही निर्लेखनाची यादी निघेल आणि तीत एखादा फाटका नकाशा असेल. सही करण्याआधी तो एकदा उलगडून पाहा.