माईसाहेबांचं पुस्तक आणि आपले दोन तट



आपल्या चळवळीत एक पुस्तक असं आहे, ज्याच्याबद्दल मत प्रत्येकाला आहे, पण ते वाचलेलं फार थोड्यांनी आहे. डॉ. सविता आंबेडकर म्हणजे माईसाहेब यांचं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात'. १९९० साली ते मराठीत आलं. २०२२ साली नदीम खान यांनी केलेला इंग्रजी अनुवाद पेंग्विनने काढला आणि आपल्या इंग्रजी वाचणाऱ्या पोरांच्या हातीही ते पडलं. तेव्हापासून जुनं भांडण नव्याने सुरू झालं आहे.

आम्ही कल्याण पूर्वेला एका विहारात महिन्यातून दोन रविवार अभ्यासवर्ग घेतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून उल्हासनगरपर्यंतची दहा-बारा पोरं-पोरी येतात. मेगाब्लॉक असला तर निम्मी उशिरा येतात, पण येतात. यंदा आम्ही हे पुस्तक वाचायला घेतलं. त्याला एक जवळचं कारणही होतं. माईसाहेबांना या लेखनात साथ देणारे, बाबासाहेबांची छायाचित्रं आणि कागदपत्रं आयुष्यभर गोळा करणारे विजय सुरवाडे हे आपल्या कल्याणचे. म्हणजे हे पुस्तक आपल्या गावाला परकं नाही. पण पहिल्याच बैठकीत वर्गाचे दोन तट पडले, आणि तिसऱ्या बैठकीला चार जण आलेच नाहीत. म्हणून हा लेख लिहावा लागतो आहे.

पहिला तट म्हणाला, "ती बाई ब्राह्मण होती. बाबासाहेबांना तिने संपवलं आणि मग पुस्तक लिहून हात धुतले. असलं पुस्तक विहारात कशाला?" दुसरा तट म्हणाला, "त्या आमच्या माई. ज्या बाईने बाबासाहेबांची सेवा केली तिच्या शब्दावर शंका घेणं म्हणजे बाबासाहेबांचाच अपमान." दोन्ही तटांचा आवाज सारखाच मोठा होता. दोन्हीकडच्या निम्म्याहून अधिक जणांनी पन्नास पानंही वाचली नव्हती, हे विचारल्यावर कळलं.

आधी पहिल्या तटाकडे येऊ. त्यांच्या रागाला आम्ही वेडेपणा म्हणणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला आणि पुरते दोन महिनेही झाले नव्हते तोच ६ डिसेंबरला आपला बाप गेला. अनाथ झालेला समाज दोषी शोधतो. त्यात घरात शेवटपर्यंत सोबत असलेली बाई सारस्वत ब्राह्मण कुटुंबात जन्मलेली. हजारो वर्षं ज्यांनी छळलं त्यांच्यावरचा अविश्वास एका माणसावर येऊन साचला, हे समजण्यासारखं आहे. पण समजण्यासारखं असलं म्हणून ते खरं ठरत नाही.

पुरावा काय सांगतो? संशय व्यक्त झाला, चौकशीची मागणी झाली, केंद्र सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष आला. आमच्या वर्गातला कायद्याचा एक विद्यार्थी म्हणाला, "सरकार काँग्रेसचं होतं, त्यांच्या चौकशीवर आपण का विसंबायचं?" प्रश्न योग्य आहे. मग सरकार बाजूला ठेवा आणि खुद्द बाबासाहेबांना विचारा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत ते स्वतः सांगतात, की आपली प्रकृती इतकी ढासळली होती की डॉक्टर आपल्याकडे विझत चाललेली ज्योत म्हणून पाहत होते. ती पुन्हा पेटली ती आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, आणि त्यांच्या मदतीमुळेच हे काम पूर्ण झालं. १९५७ साली ग्रंथ बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे भगवान दास यांनी ती प्रकाशात आणली. ज्या दोघांवर लोकांनी संशय घेतला, नेमक्या त्याच दोघांचे आभार बाबासाहेबांनी मानले होते, आणि ते पान लोकांपर्यंत वेळेवर पोचलंच नाही. ते १९५७ लाच छापलं गेलं असतं तर माईसाहेबांच्या वाट्याला आलेली वर्षं वेगळी असती का, याचा विचार पहिल्या तटाने जरूर करावा.

दुसरा आरोप असा, की त्या भेटायला येणाऱ्या लोकांना बाबासाहेबांपर्यंत जाऊ देत नव्हत्या. यावर वर्गात महापालिकेच्या दवाखान्यात नर्स असलेली एक ताई बोलली. तोपर्यंत ती गप्प होती. ती म्हणाली, "शुगर, बीपी, पायाच्या नसा गेलेला पेशंट असेल तर आम्ही सख्ख्या भावालाही बाहेर बसवतो. बाहेर बसलेला भाऊ आम्हाला शिव्याच देतो." माईसाहेब १९३७ च्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एमबीबीएस डॉक्टर. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये दादासाहेब गायकवाडांना लग्नाबद्दल कळवलं तेव्हाही प्रकृतीचं कारण उघडपणे दिलं होतं. मात्र ताईच्या बोलण्याची दुसरी बाजूही आम्ही वर्गात मांडली. गावाहून उपाशीपोटी, तिकिटाचे पैसे उसने घेऊन दिल्लीला गेलेला माणूस साहेबांना न पाहता परतला असेल तर त्याचं दुःखही खरं आहे. डॉक्टरचं कर्तव्य आणि त्या माणसाची तहान या दोन्ही गोष्टी एकाच दारात समोरासमोर उभ्या होत्या. त्यातून लगेच विषाची बाटली निघत नाही.

आता मूळ मुद्दा. पहिल्या तटाचा सगळा युक्तिवाद सोलत गेलं की शेवटी एकच वाक्य हाती राहतं: "शेवटी जात कुठे जाते?" मित्रांनो, हे वाक्य कुणाचं आहे? जन्मावरून माणसाचा स्वभाव, लायकी आणि गुन्हा ठरवणारा ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला. दर वर्षी आपण तो दिवस पाळतो. मग तोच नियम फक्त दिशा बदलून आपण वापरायचा? ब्राह्मणी व्यवस्थेवर टीका करा, कठोर करा, आम्हीही करतो. पण १५ एप्रिल १९४८ ला नोंदणी पद्धतीने बाबासाहेबांशी लग्न केलेल्या आणि नागपूरला त्यांच्यासोबत भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतलेल्या बाईला बावीस प्रतिज्ञांनंतरही जन्मावरून ओळखायचं असेल, तर आपली दीक्षा तरी कशाची?

दुसऱ्या तटाला एवढ्यावर खूश होण्याचं कारण नाही. आत्मकथन ही साक्ष असते. साक्षीदार प्रामाणिक असला तरी तो एकाच जागी उभा राहून पाहतो. हे पुस्तक बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौतीस वर्षांनी आलं. लिहिणारी बाई तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती आणि आयुष्याचा मोठा भाग तिने आरोप झेलत काढला होता. त्यामुळे त्यात स्वतःचा बचाव आहे. तो असणारच. काही नेत्यांनी स्वार्थापोटी आपल्याला चळवळीपासून दूर ठेवलं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या नेत्यांची बाजू ऐकल्याशिवाय ते जसंच्या तसं कसं स्वीकारायचं? बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू शेवटच्या वर्षांत रोज त्या घरात होते. 'लास्ट फ्यू इयर्स ऑफ डॉ. आंबेडकर' हे त्यांचं पुस्तक १९९७ साली आलं आणि त्यात माईसाहेबांवर कडक टीका आहे. एकाच घरातले दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात. भैयासाहेब यशवंतराव आंबेडकर आणि माईसाहेब यांच्यातला दुरावा तर कोर्टापर्यंत गेला होता. भैयासाहेब १९७७ साली गेले. १९९० च्या पुस्तकाला उत्तर द्यायला ते नव्हते. भक्तीने वाचणाऱ्याला हे प्रश्न सुचतही नाहीत, आणि सुचले तरी तो ते गिळतो. बाबासाहेबांनी भक्तीचा धोका सांगितला तो काय फक्त दुसऱ्यांच्या नेत्यांसाठी होता?

आपल्या समाजात आत्मकथनावरून तट पडणं नवीन नाही. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा साहित्यिक जगाने डोक्यावर घेतलं आणि आपल्यातल्याच काहींना वाटलं की घरातलं उघडं केलं. १९८४ ला मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं आणि पँथरच्या पिढीला हादरा बसला. नेत्याच्या बायकोने तोंड उघडलं की चळवळीला त्रास होतो. मग आधी बाईचं चारित्र्य किंवा जात तपासली जाते आणि तिने काय लिहिलं ते नंतर, बहुधा कधीच नाही. याउलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, वस्तीवस्तीत जाऊन चळवळीतल्या बायकांच्या आठवणी गोळा केल्या आणि १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं केलं. तिथे एका बाईची आठवण दुसरीच्या आठवणीला जोडून पाहता येते. आठवणी वाचायची ही रीत आपल्याच बायकांनी आपल्याला दिली आहे.

आता कुणी म्हणेल, सत्तर वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर एवढा वेळ कशाला? नोकरी नाही, आरक्षण पोखरलं जातंय, डोंबिवलीत आडनाव कळलं की भाड्याची खोली मिळत नाही. सगळं खरं. पण हा वाद जुना राहिलेला नाही, हे आम्ही आमच्या वर्गात डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे एक मुलगी नवऱ्यासोबत येते. नवरा बौद्ध, ती दुसऱ्या जातीतली. माहेर तुटलं आहे. दोघांनी लग्न केलं तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, कारण जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे असं बाबासाहेबांनी १९३६ लाच लिहून ठेवलं आहे. "शेवटी जात कुठे जाते?" हे वाक्य वर्गात म्हटलं गेलं तेव्हा ती चहाचे कप गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही. न आलेल्या चार जणांत ती आणि तिचा नवरा होते. आम्ही घरी गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, उद्या माझ्या सासऱ्यांना काही झालं तर लोक मलाही हेच म्हणतील ना?" आम्ही तिला खोटा धीर दिला नाही. पण परत यायला सांगितलं, आणि हा विषय वर्गात तिच्यासमोरच पुन्हा काढू असा शब्द दिला.

म्हणजे प्रश्न माईसाहेबांचा आहे आणि त्यांच्या पलीकडचाही आहे. जात सोडून आपल्याकडे येणाऱ्या माणसाला आपण किती पिढ्या परीक्षेला बसवणार? आणि आपली फूट लपवायला कुणाच्या माथ्यावर खापर फोडणार? रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि दोन-तीन वर्षांत त्याला तडे गेले. ते काय माईसाहेबांनी पाडले? त्या तर तेव्हा चळवळीबाहेर दिल्लीत होत्या. त्यांना पुन्हा लोकांत आणलं ते पँथरच्या तरुणांनी. १४ एप्रिल १९९० ला बाबासाहेबांचं भारतरत्न स्वीकारायला त्याच उभ्या होत्या. २९ मे २००३ ला त्या मुंबईत गेल्या. सेहेचाळीस वर्षं त्या बाबासाहेबांची विधवा म्हणून जगल्या, त्यातला बराच काळ आपल्याच लोकांच्या संशयाखाली.

बुद्धाने कालामांना सांगितलं होतं, की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आलं म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. बाबासाहेबांच्या ग्रंथातही हा उपदेश आहे. तो माईसाहेबांच्या पुस्तकालाही लागू आणि त्यांच्याविरुद्धच्या अफवेलाही लागू. म्हणून वर्गासाठी आम्ही एक साधी रीत ठरवली आहे. कोणतीही घटना घेतली की पाहायचं: लेखिका तिथे स्वतः हजर होती की ऐकून लिहिते आहे? त्याच घटनेबद्दल दुसरा कोण काय सांगतो? बाबासाहेबांच्या पत्रांत किंवा लेखनात त्याला आधार आहे का? आणि असं सांगण्यात सांगणाऱ्याचा काय फायदा किंवा तोटा? याच चार प्रश्नांनी रत्तू वाचायचे, याच प्रश्नांनी माईसाहेब वाचायच्या, आणि याच प्रश्नांनी व्यासपीठावरून ओरडणारा आजचा नेताही ऐकायचा. जिथे उत्तर मिळत नाही तिथे "ठाऊक नाही" म्हणायला लाजायचं नाही.

पुढच्या बैठकीला आम्ही माईसाहेब आणि रत्तू यांची १९५६ सालावरची पानं शेजारी ठेवून वाचणार आहोत. सोबत ती न छापलेली प्रस्तावनाही. दोन्ही तटांनी यावं. वाचून मतभेद झाला तर भांडू, मनसोक्त भांडू. पण कुणाची जात काढली तर त्याला आम्ही तिथेच थांबवू, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो.

जयभीम!